अठ्ठावन्न ते पासष्ट, या वयातल्या कामगारानं जायचं कुठं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन झाला, त्याच्या बातम्या फोटोसकट आपल्या पेपरात आल्या, सत्कार झाले, भाषणं झाली, चांगलंच आहे, ज्येष्ठांचा मान व्हायलाच पाहिजे. पण ते वाचताना मनात आलं की आपल्याकडं माणसाला म्हातारा नेमका कितव्या वर्षी धरायचा हे सगळ्यांनी मिळून एकसारखं ठरवलेलं नाही, आणि त्याचा सगळ्यात जास्त फटका कंपनीतून रिटायर झालेल्या कामगाराला बसतोय. म्हणून हे पत्र.

मी सातपूर एमआयडीसीत लेथवर काम केलं, आता वय ६१. कंपनीच्या हिशोबानं मी ५८ ला म्हातारा झालो, हार घातला, ग्रॅच्युइटीचा चेक दिला आणि दुसऱ्या दिवसापासून गेट बंद. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठांचा कायदा म्हणतो ६० पूर्ण झाले की ज्येष्ठ नागरिक. एसटी म्हणते पुरुषाला ६५ झाल्याशिवाय अर्धं तिकीट नाही आणि ७५ झाल्याशिवाय फुकट प्रवास नाही. श्रावणबाळ योजना ६५ ला, वयोश्री योजनेचे एकदाच मिळणारे तीन हजार पण ६५ ला, आयुष्मानचं फुकट उपचाराचं वय वंदना कार्ड तर ७० ला. रेल्वेत पुरुषांना ६० ला चाळीस टक्के सवलत होती ती मार्च २०२० मध्ये कोरोनात बंद केली आणि कोरोना गेला तरी परत दिली नाही. म्हणजे कामावरून काढायला ५८ आणि हातात काही द्यायला ६५ नाहीतर ७०, मधली सात-बारा वर्षं माणसानं काय खायचं हा प्रश्न कुणाच्याच टेबलावर नाही.

लोक म्हणतात तुम्हाला पेन्शन आहे ना. आहे, ईपीएस ९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाबरोबरच्या १९९५ च्या पेन्शन योजनेची. ती कशी असते ते सरकारी नोकरीतल्या लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात पण पूर्ण पगारावर नाही, सरकारनं ठरवलेल्या पगाराच्या लिमिटवर. २०१४ च्या ऑगस्टपर्यंत लिमिट ६५०० होतं म्हणजे महिन्याला ५४१ रुपये जायचे, १ सप्टेंबर २०१४ पासून लिमिट १५००० झालं म्हणजे १२५० रुपये. मग पेन्शन काढताना पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०, आणि २०१४ च्या आधीच्या वर्षांना तोच ६५०० चा पगार धरतात. माझी पेन्शन साडेतीन हजाराच्या आसपास बसली. माझ्याबरोबरचे जे पन्नाशीतच व्हीआरएस घेऊन बाहेर पडले, खरं तर पाडले गेले, त्यातल्या ज्यांनी घर चालवायला लवकर पेन्शन चालू केली त्यांची दर वर्षामागं चार टक्के कापली गेली, त्यांना दीड-दोन हजारच मिळतात. आणि ही रक्कम एकदा ठरली की ठरली, हिला महागाई भत्ता नाही, तेल-डाळ-गॅस कितीही वाढू दे आकडा मरेपर्यंत तोच. कमीत कमी पेन्शन १००० रुपये केली ती पण सप्टेंबर २०१४ मध्येच. त्याच्याही आधी २०१३ मध्ये राज्यसभेच्या कोश्यारी समितीनं निदान ३००० करा आणि महागाई भत्ता जोडा असं सांगितलं होतं. बुलढाण्याला आमची म्हातारी माणसं यासाठी साखळी उपोषणाला बसली, दिल्लीला जंतरमंतरवर जाऊन आली, मागणी काय तर साडेसात हजार, भत्ता आणि नवरा-बायकोला औषधपाणी.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट. श्रावणबाळमध्ये महिन्याला १५०० मिळतात पण उत्पन्नाची अट वर्षाला २१००० आहे. म्हणजे महिन्याला १७५० च्या वर ज्याला पेन्शन आहे तो ६५ चा झाला तरी बाहेर!! दोन हजार पेन्शनवाला सरकारच्या लेखी श्रीमंत. ज्यानं आयुष्यभर फंडात पैसे भरले त्याला हे ऐकायला लागतं, आणि अट घालणाऱ्यानं महिनाभर १७५० मध्ये दोन माणसांचं घर चालवून दाखवावं एवढंच माझं म्हणणं आहे.

मग आमची माणसं जातात कुठं, तर सोसायटीच्या गेटवर. नाशिकमध्ये कुठल्याही मोठ्या सोसायटीत रात्री आठला ड्युटी बदलताना बघा, निम्मे वॉचमन साठीच्या पुढचे दिसतील, कुणी फिटर होता कुणी वेल्डर कुणी टूलरूमला. बारा तासाची ड्युटी, सुट्टी घेतली की खाडा, फंड नाही, विमा नाही. सुरक्षारक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ चा कायदा आहे, मंडळं आहेत, पण ठेकेदार मंडळाचं नाव काढत नाही आणि आमचा माणूस विचारत नाही कारण विचारलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. मी स्वतः एका सोसायटीत रात्रपाळी करतो. पाय सुजतात, पण त्याहून जास्त लागतं ते मुलाच्या वयाच्या माणसानं अरे-तुरे करणं. ज्या हातानं मायक्रॉनमध्ये माप धरलं त्या हातानं बाई-साहेबांच्या भाजीच्या पिशव्या उचलायला लागतात. कुठलंच काम कमी दर्जाचं नसतं हे मी मानतो, पण साठीनंतर ते मर्जीनं करणं वेगळं आणि शुगरच्या गोळ्या आणायच्या म्हणून करणं वेगळं. दवाखान्यात ॲडमिट झालो तर महात्मा फुले योजना आहे, मान्य. पण बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या, चष्मा, दात हा खर्च त्यात बसत नाही आणि म्हातारपणाचा रोजचा खर्च तर हाच आहे.

एक उपयोगाची गोष्ट छापाच, कारण कंपनीतून जाताना ही कुणी सांगत नाही. ज्यांचा किमान पाच वर्षं ईएसआयचा (कामगार राज्य विमा) विमा होता आणि जे वयानं रिटायर झाले त्यांना वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. आणि पेन्शनला लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा उठत नसेल (लेथवाल्यांचे उठतच नाहीत, रेषाच झिजलेल्या असतात) तर मोबाईलवर चेहऱ्यानं दाखला होतो, आणि तो कुठल्याही महिन्यात चालतो, पुढं वर्षभर, त्यामुळं नोव्हेंबरच्या गर्दीत उभं राहायची गरज नाही.

सरकारला माझं मागणं सरळ आहे. कायद्यानं ६० ला ज्येष्ठ म्हटलंय ना, मग एसटीचं तिकीट, श्रावणबाळ, वयोश्री सगळं ६० ला धरा. २१००० ची अट काढा, निदान ईपीएसची पेन्शन उत्पन्नात धरू नका. हे राज्याच्या हातात आहे, त्याला दिल्लीची वाट बघायला नको. आणि आपल्याला विनंती की आपल्या वार्ताहराला एक रात्र सातपूर, अंबड, इंदिरानगरच्या गेटांवर पाठवा, प्रत्येक वॉचमनला वय, जुनी कंपनी आणि पेन्शनचा आकडा एवढं तीनच विचारायला सांगा आणि जे मिळेल ते नावं न घालता जसंच्या तसं छापा.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक