अँटीबॉडी मोजल्या, पण जंतू मरतात का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत साठी ओलांडलेल्यांना सल्ला दिला आहे की न्यूमोनियाची लस घेण्याआधी रक्तातल्या अँटीबॉडी तपासा, पुरेशा निघाल्या तर लस नको. हेतू चांगला असेल. सल्ला मात्र चुकीचा आहे, शिवाय खिशाला चाट. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतले एक आजोबा असाच रिपोर्ट घेऊन आले. मी जन्मभर लॅबमध्ये काढला, त्यामुळे असे कागद माझ्याकडे येतात. न्यूमोकोकस आयजीजी, म्हणजे न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धच्या अँटीबॉडी, पुढे एकच आकडा आणि शेजारी ठळक 'प्रोटेक्टेड'. आजोबा खूश होते.

न्यूमोकोकसचे 90 हून जास्त सिरोटाइप, म्हणजे कवचावरून ओळखले जाणारे प्रकार, आहेत आणि एकाविरुद्धची अँटीबॉडी दुसऱ्याला सहसा चालत नाही. या कागदावर सगळ्यांची मिळून बेरीज होती. दोन-तीन प्रकारांच्या अँटीबॉडी भरपूर असल्या तरी बेरीज फुगते.

दुसरं म्हणजे ही चाचणी एलायझा पद्धतीची. प्लेटच्या तळाला जंतूच्या कवचातली साखर लावलेली असते, तिला किती अँटीबॉडी चिकटल्या ते रंगावरून कळतं. त्या जंतू मारायला मदत करतात का, ते नाही कळत. आमच्या महाराज बाड्याच्या चौकात किती हवालदार उभे आहेत हे मोजून चोऱ्या थांबल्या का ते कसं समजणार? म्हातारपणी तर अँटीबॉडी दिसायला बऱ्या असूनही कामाला कच्च्या असू शकतात.

काम तपासायची चाचणी वेगळी, ऑप्सोनोफॅगोसायटिक, म्हणजे अँटीबॉडीच्या मदतीनं पेशी जंतू गिळून मारतात का ते पाहणारी. सिरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पाणी, 56 अंशांवर अर्धा तास तापवून त्यातलं मूळचं कॉम्प्लिमेंट, म्हणजे जंतू मारायला मदत करणारी प्रथिनं, निकामी करतात. मग ते दुपटी-दुपटीनं पातळ करत न्यायचं, त्यात जिवंत जंतू, सशाच्या पिल्लांचं कॉम्प्लिमेंट आणि जंतू गिळणाऱ्या एचएल-60 पेशी घालायच्या. शेवटी थेंब अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, टाकून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी कॉलन्या, म्हणजे उरलेल्या जंतूंचे ठिपके, मोजायच्या. सिरम जास्तीत जास्त किती पट पातळ केलं तरी निम्मे जंतू मरतात, तो आकडा म्हणजे टायटर. प्रत्येक सिरोटाइपसाठी हा उद्योग निराळा. गल्लीतल्या लॅबचं हे काम नाही, आणि त्यात त्यांना कमीपणाही नाही.

रिपोर्टच्या तळाशी दर मिलिलिटरला 0.35 मायक्रोग्रॅम ही 'संरक्षक पातळी' छापली होती. हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा खराच, पण तो तान्ह्या बाळांवरच्या लस-चाचण्यांतून, नव्या लशीची जुनीशी तुलना करायला काढलेला. तोही एकेका सिरोटाइपसाठी. सत्तरीच्या एका माणसाला त्यावरून पास-नापास करता येत नाही.

जखम घेऊन इथल्या जयारोग्य रुग्णालयात गेलात तर डॉक्टर धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते विचारतात, टायटर मागत बसत नाहीत.

चाचणी टाकाऊ आहे असं नव्हे. एखाद्या मुलाला पुन्हापुन्हा न्यूमोनिया होत असेल, तर लशीआधी आणि साधारण महिन्याभरानं असं दोनदा रक्त घेऊन सिरोटाइपवार आकडे ताडून पाहतात. त्याचं शरीर अँटीबॉडी बनवतं का ते त्यातून समजतं. ते डॉक्टरांनी सांगावं, पॅकेजच्या जाहिरातीनं नाही.

आजोबांना मी त्यांच्या फिजिशियनकडे धाडलं आहे. पुढच्या पुरवणीत आपण दुरुस्ती छापावी ही विनंती. आणि लॅबवाल्यांनी निदान चाचणीची पद्धत व कोणते सिरोटाइप तपासले ते लिहावं, 'प्रोटेक्टेड'चा शिक्का काढून तेवढी जागा सहज निघेल.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
लष्कर, ग्वाल्हेर