अ तुकडीचं संस्कृत

चाळीसगाव,
22 जून

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझं बोलणं अर्धंच राहिलं. मागे पोरी रांगेत उभ्या, इकडे तू रडवेली; मला अशा वेळी काही सुचत नाही. म्हणून लिहायला बसलो.

आठवीला हिंदी, हिंदी-संस्कृत संयुक्त की संपूर्ण संस्कृत, हे फॉर्मवर भरायचं आणि खाली पालकाची सही. इथपर्यंत ठीक. पण बाई म्हणाल्या, अ तुकडीत राहायचं तर संपूर्ण संस्कृतच, नाहीतर ब मध्ये जा. ‘आप्पा, वर तर ऐच्छिक छापलंय ना?’ असं तू विचारलंस. छापलंय खरं.

हे ऐच्छिक मला माझ्या शाळेपासून माहीत आहे, फक्त पलीकडच्या बाजूने. मी ब तुकडीत होतो. आमच्या आणि अ च्या वर्गात पत्र्याचं पार्टिशन. दुसऱ्या तासाला तिकडून ‘माला माले मालाः’ सुरू झालं की आमचं भूगोलातलं लक्ष उडायचं. अर्थ न कळताच मला सातही विभक्त्या पाठ झाल्या. एकदा धीर करून सरांना म्हटलं, मलाही संस्कृत घ्यायचंय. ते हसून म्हणाले, ‘तुला शेतच करायचंय ना?’ शेतच केलं, त्यांचं म्हणणं खरं ठरलं. पण ते हसणं अजून कुसळासारखं रुततं. बाबासाहेबांना तर शाळेत संस्कृत नाकारून फारसी घ्यायला लावलं होतं, आणि पुढे ते स्वतःच्या जिद्दीने संस्कृत शिकले. त्यांच्यापुढे माझं दुखणं ते काय! पण म्हणून सांगतो, नुसती सक्तीच वाईट असते असं नाही. एकाला सक्ती आणि दुसऱ्याला मनाई, आणि दोन्हींवर ‘ऐच्छिक’ची पाटी, हे मला जास्त खटकतं.

मग सगळ्यांनाच सक्तीचं करा, असं तुझे मामा म्हणतात. मला पटत नाही. गावाकडच्या किती शाळांत संस्कृतचा शिक्षक आहे? उद्या हुकूम निघाला तर पीटीच्या सरांच्या हातात गाईड देतील, आणि पोरं रूपं घोकून परीक्षेनंतर जन्मभर त्या भाषेचं तोंड बघणार नाहीत. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय निघाला तेव्हा केवढी ओरड झाली, आठवतं ना? जून संपायच्या आत मागे घ्यावा लागला. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही संस्कृत सगळ्या टप्प्यांवर उपलब्ध असावं असं आहे, पर्याय म्हणून. शाळेने तेवढं पाळलं तरी पुष्कळ.

मोठ्या मायला विचारलं तर ती म्हणाली, ‘पोरले काय पूजा सांगाले धाडनी शे का?’ तिचंही चुकत नाही. 2011 च्या जनगणनेत खान्देशी, म्हणजे अहिराणी वगैरे बोली, मातृभाषा सांगणारे 18 लाखांहून जास्त निघाले, संस्कृत सांगणारे 24,821. आणि तिच्या बोलीचा एकही तास शाळेत नाही. उलट आम्ही वर्गात ‘अठे-तठे’ म्हटलं की छडी मिळायची. मात्र एवढ्यावरून संस्कृत नको, असंही मी म्हणणार नाही. डोकी मोजून भाषा शिकायची झाली तर मोठ्या मायची बोली तरी कुठे टिकेल!

आता तुझ्या कामाचं. तू म्हणालीस, विज्ञानातले शब्द दगडासारखे वाटतात. प्रकाशसंश्लेषण घे. त्यात ‘श्लिष्’ बसलाय, म्हणजे चिकटणं, बिलगणं. एकत्र बिलगवलं की संश्लेषण, सुटं केलं की विश्लेषण. दोन अर्थ एकाच शब्दाला बिलगले की व्याकरणातला श्लेष. आणि आश्लेषा नक्षत्र? तेच ते, मोठी माय ज्याला आसळका म्हणते. आसळकाच्या पावसाची वाट बघत माझी उमर गेली, पण तो शब्द तुझ्या विज्ञानाच्या पुस्तकाचा सोयरा आहे हे मला चाळिशीत कळलं. नुसत्या मार्कांसाठी संस्कृत घेतलंस तर ही गंमत हातून जाईल. स्कोअरिंग आहे, स्कोअरिंग आहे, हे मी पण ऐकतो. तेवढ्यासाठी घेऊ नकोस.

पाटणादेवीला आपण गेलो होतो, तू धबधब्याकडेच पळत होतीस. त्या पाटणात शके 1128 चा शिलालेख सापडलाय. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा. राजांची आणि पंडितांची थोरवी संस्कृतात कोरली आहे. पण मठाला बाजारातून काय काय मिळायचं, घाण्यामागे पळी-पळी तेल वगैरे, ते शेवटी मराठीत. तेल्याला वाचून दाखवलं की कळायला हवं ना! एकाच दगडावर दोन्ही भाषा आहेत, आणि कुणाला काय सांगायचं ते कोरून घेणाऱ्याला बरोबर ठाऊक होतं. भास्कराचार्यांचं गणित त्यांच्याच शब्दांत वाचायचं तर मात्र वरचीच भाषा यायला हवी. तुला गणित आवडतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

तुकडी बदलली तर मैत्रिणी तुटतील, ही तुझी खरी भीती आहे, हे मला कळलंय. ती खोटी नाही.

आर्द्रा लागली पण पाऊस नाही. कपाशी टोबून ठेवलीय. रविवारी सकाळच्या गाडीने जळगावला येतो. रकाना तूच भर, सही मी करीन. हिंदी लिहिलंस तरी करीन. बाईंची वेळ तेवढी विचारून ठेव. ब तुकडीतल्या एखाद्या पोरीने संस्कृत मागितलं तर तिला काय सांगता, एवढं मला त्यांना विचारायचं आहे.

मोठ्या मायने बिबडे दिलेत. एकटीने संपवू नकोस.

तुझा,
आप्पा