तुम्ही दुकानातला पंखा बंद केलात, दादा

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

जेल रोडवरच्या तुमच्या त्या जिन्यालगतच्या दुकानात रोज इतकी मशीनं येतात की त्यातली एक लहानशी काळी पेटी तुमच्या लक्षात असेलच असं नाही. एसरॉक कंपनीचा डेस्कमिनी एक्स६०० हा छोटा कंप्युटर, १५५ बाय १५५ बाय ८० मिलिमीटर, आत रायझन ५ ८६००जी हा प्रोसेसर. आईच्या रियाजाच्या खोलीत, रेकॉर्डिंगच्या माइकपासून दोन हातांवर ती ठेवायची होती. त्यामुळे वेग, रॅम, स्टोरेज यांची फारशी चिंता नव्हती. खरा प्रश्न आवाजाचा होता आणि तो तुम्ही सोडवलात. समोर असताना तोंडातून नुसतं 'थँक्यू दादा' निघालं. तेवढ्याने भागत नाही, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा छोट्या मशीनसाठी इंदूरच्या बाजारात वणवण करणारे आणखीही आहेत.

तुमच्याआधी जे भेटले त्यांची नावं घेत नाही, पण त्यांनी काय सांगितलं ते लिहायलाच हवं. एका ठिकाणी म्हणाले, प्रोसेसरच्या खोक्यात आलेला कूलरच, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा आणि त्यावरचा पंखा, बसवा. त्या व्रेथ स्टेल्थची उंची ५४ मिलिमीटर, आणि या पेटीत कूलरला जागा ४७. वरच्या सात मिलिमीटरचं काय, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, 'बाहेरची पेटी घालूच नका, बोर्ड बसवलेला आतला ट्रे उघडाच वापरा, उलट थंड राहील.' प्रोसेसर बसतो ती खोबण, म्हणजे सॉकेट, या मशीनमध्ये एएम५ प्रकारची आहे. दुसरीकडे आधीच्या एएम४ सॉकेटसाठीचा बुटका कूलर काढून दिला. 'एएम४ काय नि एएम५ काय, भोकं तीच.' भोकांमधलं अंतर तेच आहे हे खरं. पण त्या कूलरला बोर्डामागे स्वतःची आधाराची पट्टी, म्हणजे बॅकप्लेट लागते, आणि एएम५ वरची मूळ बॅकप्लेट काढता येत नाही. प्रोसेसरला दाबून धरणारी लोखंडी चौकट त्याच प्लेटमध्ये कसलेली असते. ही गोष्ट कूलर विकणाऱ्याला ठाऊक नसेल तर त्याने निदान 'बसेल' असं छातीठोकपणे सांगू नये. आणि आणखी एकीकडे ऐकू आलं, 'इतक्या छोट्या मशीनला आवाज येणारच, मॅडम.' सगळ्यात जास्त राग या वाक्याचा आला. काहीही न तपासता गिऱ्हाइकाला गप्प करायला ते फार सोयीचं आहे.

तुम्ही मशीनला लगेच हात लावला नाहीत. आधी विचारलंत, 'ठेवणार कुठे? खोलीत एसी आहे का?' मग व्हर्नियर ही बारीक मापाची पट्टी घेऊन प्रोसेसरच्या पृष्ठभागापासून पेटीच्या जाळीपर्यंतचं अंतर स्वतः मोजलंत. छापील माप माहीत असूनही मोजलंत, हे मला फार आवडलं. मागच्या फडताळात ७० मिलिमीटर उंचीचे मोठे, महागडे कूलर दिसत होते. त्यांच्याकडे बोट दाखवून तुम्हीच म्हणालात, 'हे सुंदर आहेत, पण तुमच्या कामाचे नाहीत.' विकायला बसलेल्या माणसाने असं म्हणणं आता दुर्मीळ झालं आहे.

कूलर थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ घ्यायचा की नॉक्टुआचा एनएच-एल९ए-एएम५, हा निर्णय तुम्ही ज्या रीतीने समजावून दिलात तो इथे मांडते, कारण बहुतेक लोक याच वळणावर चुकतात. पहिला ४७ मिलिमीटर उंच, दुसरा ३७. पहिल्यात धातू जास्त, धातूच्या पातळ पट्ट्या जास्त, म्हणजे उष्णता ओढून घेण्याची ताकद जास्त. कागदावर तोच जिंकतो. पण ४७ च्या जागेत ४७ चा कूलर बसवला की पंख्याची पाती जाळीला जवळजवळ टेकून फिरतात. भोकाभोकाच्या पत्र्यातून खेचली जाणारी हवा पात्यांवर येईपर्यंत सरळ होत नाही, फाटत येते, आणि त्यातून ती बारीक शिट्टीसारखी किरकिर निघते. पंखा कितीही भारी घ्या, ती जात नाही. ३७ चा घेतला तर वर दहा मिलिमीटर मोकळे राहतात आणि शिट्टी थांबते.

मात्र ते दहा मिलिमीटर तसेच सोडले की दुसरं दुखणं सुरू होतं, हेही तुम्हीच सांगितलंत. पंखा जाळीतून बाहेरची हवा घेण्याऐवजी बाजूच्या फटीतून पेटीतलीच तापलेली हवा पुन्हा ओढतो. मग तापमान चढतं, पंखा वेग वाढवतो, आणि आपण पुन्हा तिथेच. त्यावर तुम्ही ईव्हीए या रबरासारख्या फोमच्या पाच मिलिमीटरच्या शीटमधून दोन चौकटी कापल्यात, बाहेरून पंख्याच्या मापाच्या, म्हणजे ९२ बाय ९२, आतून गोल. एकावर एक ठेवून पंख्याच्या कडेला फक्त कोपऱ्यांवर दुहेरी टेपने चिकटवल्यात. या मशीनचा ट्रे मागून आत सरकतो, त्यामुळे फोम जाळीवर घासून उलटा होण्याची भीती असते. म्हणून वरच्या कडेवर तुम्ही गुळगुळीत पॅकिंग टेपची पट्टी लावलीत, आणि ट्रे अलगद आत गेला. ही युक्ती कुठल्याही खोक्यावर छापलेली नसते.

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही. एएम५ प्रोसेसरच्या झाकणाला कडेने खाचा असतात आणि प्रोसेसर नि कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी लावलेली पेस्ट जास्त झाली तर त्यांत उतरते, म्हणून मधोमध एक थेंब आणि कोपऱ्यांकडे चार बारीक टिपके. चार स्क्रू तिरपे, आलटून पालटून, दर वेळी अर्धा वेढा. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ आहे.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ती गोष्ट.

मशीन सुरू झालं, तापमान ठीक दिसत होतं. कोणीही त्या क्षणी पैसे घेऊन मशीन हातात दिलं असतं. तुम्ही म्हणालात, 'बाजाराच्या या गलबल्यात मला काय ऐकू येणार? थोडं थांबा, दुकान बंद करतो.' शटर अर्धं खाली ओढलंत. टेबलावरची बाकीची मशीनं बंद केलीत. घूं घूं करणारा यूपीएस बंद केलात. आणि मग छताचा पंखा बंद केलात. मे महिन्याची रात्र, दहा बाय बाराचा गाळा, शटर खाली. घाम तुमच्या कानामागून मानेवर उतरत होता आणि तुम्ही पेटीकडे कान लावून, डोळे मिटून बसला होता.

त्यानंतर जे केलंत ते प्रत्येक कारागिराने शिकावं. पेटी उघडून पंख्याच्या मधल्या गोलावर बोटाचं टोक ठेवलंत, क्षणभर. पंखा थांबला, आवाजही थांबला. म्हणजे दोष बोर्डावरच्या कॉइलचा, तारेच्या वेटोळ्याचा, नव्हता. कॉइलचा असता तर पंखा थांबूनही बारीक चिरचिर राहिली असती आणि माउसचं चाक फिरवताना तिचा सूर बदलला असता. पुन्हा पेटी बंद करून ऐकलंत, ब्राउझर उघडलात, बंद केलात, पुन्हा उघडलात. मग म्हणालात, 'पंखा वाईट नाही हो. तो सारखा दचकतोय.'

ते शब्दशः खरं होतं. प्रोसेसरची चिप इतकी लहान असते की एखादं पान उघडलं तरी तिचं तापमान डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर दहा-पंधरा अंश वर जातं आणि तितक्याच लवकर खाली येतं. बायोसमधली, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावरची, मूळ सेटिंग प्रत्येक उडीमागे पंख्याला पळवते. एकसारख्या मंद आवाजाची कानाला सवय होते, चढ-उताराची होत नाही, आणि माइकला तर मुळीच नाही. तुम्ही ६० अंशांपर्यंत पंखा ४० टक्क्यांवर स्थिर केलात, म्हणजे मिनिटाला साधारण हजार फेरे. तिथून ८० अंशांपर्यंत सावकाश ६५ टक्के, आणि ८८ च्या वर पूर्ण मोकळीक. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे, म्हणजे वर पुरेशी जागा उरली. शिवाय प्रोसेसरला ६५ ऐवजी ४५ वॅटच्या इको मोडवर, म्हणजे कमी विजेवर, टाकलंत. ६५ वॅटचा म्हणवणारा हा प्रोसेसर खरं तर ८८ वॅटपर्यंत ओढू शकतो. ३७ मिलिमीटरच्या कूलरला ते झेपतं, पण गप्प राहून झेपत नाही. रेकॉर्डिंगच्या कामात इको मोडचा फरक कळूनही येत नाही.

कूलरसोबत वेग कमी करणारी एक छोटी वायर येते, २५०० चे १८०० फेरे करणारी. मी ती लावायला सुचवलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. कारण ऐकून मी गप्प झाले. हिवाळ्यात पंचवीस अंशांच्या खोलीत घेतलेल्या चाचणीला अर्थ नसतो. मे महिन्यात खोली ३८ वर गेली की प्रोसेसरही तेवढेच तेरा अंश वर जातो, आणि त्या दिवशी पंख्याला २५०० ची गरज पडली तर ती त्याच्याकडे असली पाहिजे. वायरने ती कायमची काढून घेतली जाते. बायोसमधून फक्त गरज नसताना आवरली जाते.

दादा, मशीन जोडता येणारे पुष्कळ आहेत. इंटरनेटवर बघून कोणीही चार स्क्रू कसू शकतो. पण समोरच्याच्या घरात ती वस्तू कुठे बसणार, रात्री तिथे काय ऐकू येणार, कोणाला त्रास होणार याचा विचार करून मग हात चालवणारी माणसं थोडी. आमच्या आजोबांच्या वेळी राजवाड्याजवळचे घड्याळवाले घड्याळ दुरुस्त केल्यावर एक रात्र स्वतःकडे ठेवून घेत, असं घरात सांगतात. काटा चालतो का ते बघायला नव्हे, तर मागे-पुढे होतो का ते बघायला. अशा माणसांमुळे शहरात राहावंसं वाटतं. स्वच्छ रस्त्यांचं कौतुक आपण खूप करतो. स्वच्छ कामाचंही करायला हवं. 'हे माझ्याकडे आहे, पण तुम्हाला उपयोगाचं नाही' हे वाक्य बोलणाऱ्याचा त्या दिवशीचा गल्ला कमी भरतो, हे कळतं मला. म्हणूनच ते नावाजावंसं वाटतं.

ज्यांना हे वाचून मशीन बनवायचं असेल त्यांच्यासाठी मी निघताना तुम्ही सांगितलेल्या काही गोष्टीही लिहून ठेवते. पेटीखाली कापड किंवा रुमाल घालू नये, त्याने हवा अडते. रबराचे पाय लावावेत, आणि पोकळ प्लायच्या टेबलावर ठेवू नये, कारण ते पंख्याची थरथर मोठी करून ऐकवतं. आणि धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं. हवेच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होतं आणि उलटी वीजही बोर्डात जाऊ शकते.

आईने परवा त्याच खोलीत बागेश्रीचा विलंबित रेकॉर्ड केला. आलापांच्या मधल्या जागांत तानपुऱ्याखेरीज काही नाही. फाइल तुमच्या नंबरवर पाठवली आहे, हेडफोन लावून ऐका.

फोमचे आणि त्या रात्रीच्या तासाभराचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. दिवाळीच्या आधी जाळी साफ करायला मशीन घेऊन येईन, तेव्हा मागची मजुरीही धरून बिल करा. शेजारच्या काकूंच्या मुलालाही सोबत आणते आहे. त्याला अशीच एक पेटी बनवायची आहे, आणि कूलर विकत घ्यायच्या आधी तुम्हाला विचार, असं मी त्याला बजावून ठेवलं आहे.

तुमची आभारी,
रियाजाच्या खोलीतल्या काळ्या पेटीवाली