ताफा नको, तुकड्या करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुटीच्या संध्याकाळी मुळशीकडे निघणाऱ्या हौशी मोटारींच्या ताफ्यांना भूगाव-पिरंगुटचे रहिवासी वैतागतात, आणि त्यांचा वैताग रास्त आहे. मात्र अशा सहलींवर सरसकट बंदी घालून काही साधणार नाही. वेगाच्या हौसेइतकाच धोका आणखी एका हट्टात असतो, तो म्हणजे सगळ्या गाड्या एकामागोमाग, रांग न तुटता गेल्या पाहिजेत.

हिशेब करून पाहा. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. अंधारात पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचे, म्हणजे ५० मीटरचे अंतर हवे. बारा गाड्यांनी ते पाळले तर रांग सहाशे मीटरची होते. मागून आलेल्या एसटीने ती ओलांडायची कशी? शिवाय प्रत्येक गतिरोधकावर, प्रत्येक वळणावर रांग ताणली जाते. पहिली गाडी पन्नासने चालली तरी ती फट भरायला शेवटची सत्तर-ऐंशी गाठते. पुढच्याने ओव्हरटेक केले म्हणून मागचाही समोरचे न पाहता बाहेर निघतो, आणि घात होतो तो इथेच.

म्हणून चार-चार गाड्यांच्या तुकड्या कराव्यात आणि दोन तुकड्यांमध्ये तीन मिनिटे सोडावीत. नवखा चालक दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा, म्हणजे म्होरक्याला तो आरशात दिसत राहतो. सर्वांत मुरलेला चालक शेवटी. हवेचा पंप, जंपर केबल, टोचनाचा पट्टा, विजेरी, प्रथमोपचार पेटी आणि परावर्तक त्रिकोण त्याच्याच गाडीत. फाटा आला की मागची गाडी दिसेपर्यंत बाजूला सुरक्षित जागी थांबायचे आणि मगच वळायचे. हा एक नियम सगळ्यांनी पाळला तर वाट चुकत नाही, चालत्या गाडीत फोनही लागत नाही. चारही इंडिकेटर लावून धावणे तर कटाक्षाने टाळावे, कारण मग गाडी कुठे वळणार तेच मागच्याला कळत नाही.

जमायची जागा चांदणी चौक नसावी. तिथून पिरंगुटपर्यंत आधीच कोंडी असते, त्यात कंपन्यांच्या बस. ज्याने त्याने आपापले यावे आणि पौडच्या पुढे, रस्त्याबाहेर पुरेशी जागा पाहून जमावे. टाकी शहरातच भरावी, टायरची हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. जाताना तोंड पश्चिमेला, मावळता सूर्य थेट डोळ्यांवर येतो. काच आतूनही पुसलेली नसेल तर समोरचा माणूस दिसत नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या. त्या हिशेबाने निघून उजेडातच मुळशीच्या जलाशयापाशी पोहोचावे आणि तिथूनच परतावे. अंधारात ताम्हिणी घाटात शिरू नये: वळणे आंधळी, पावसाळ्यात धुके आणि दरडी, मोबाइलला रेंजचा भरवसा नाही, आणि पुढे अभयारण्य आहे. परतताना समोरून वाहन आले की दिवे खाली, पुढे आपलीच गाडी असली तरी खालीच.

जेवायचे ठिकाण आधी कळवावे. बारा गाड्या काटकोनात लावायला साधारण तीस मीटर रुंदी लागते. ती नसेल तर गाड्या रस्त्यावर येतात. चालकाने दारूला स्पर्श करू नये. रात्री दहानंतर वस्तीतून हॉर्न नको, सायलेन्सर मूळचाच हवा. आणि शर्यत लावणाऱ्याला पुन्हा बोलावूच नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार परवानगीविना शर्यतीला पहिल्याच गुन्ह्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते.

आयोजकांनी तारीख, गाड्यांची संख्या, तुकड्यांच्या वेळा आणि एक संपर्क क्रमांक आदल्या दिवशी पौड पोलीस ठाण्यात लेखी द्यावा. वाटेतल्या ग्रामपंचायतींनाही त्याची प्रत द्यावी, म्हणजे तक्रार कोणाकडे करायची हे गावकऱ्यांना ठाऊक राहील.

आपला,
एक मोटारप्रेमी वाचक, कोथरूड, पुणे