त्या मायक्रोआरएनए तपासणीबद्दल

नागोया, जपान

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

काकूच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर वहिनीने पाठवलेलं त्या लॅबचं पत्रक वाचलं. 'ऑपरेशननंतर कॅन्सर परत येईल का, ते रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून जाणून घ्या.' फोनवर हे बोलता येत नाही, काकू शेजारीच असते आणि आपण आवाज उतरवला की तिला बरोबर कळतं. म्हणून लिहिते आहे.

आधी उत्तर सांगून टाकते. ती तपासणी करू नकोस. माझं पोट याच विषयावर चालतं, तरी सांगते.

मायक्रोआरएनए म्हणजे साधारण 22 अक्षरांचा आरएनएचा इवलासा तुकडा. पेशीत जीनचा हुकूम एका चिठ्ठीवर उतरतो आणि त्या चिठ्ठीप्रमाणे प्रोटीन तयार होतं. हा तुकडा चिठ्ठीला चिकटून ती अडवतो. साखर कारखान्याने ऊसतोडीची चिठ्ठी काढली, पण ती पोचवणाऱ्या चिटबॉयने खिशातच ठेवली तर फडावर टोळी येत नाही, तसंच. 1993 मध्ये व्हिक्टर अँब्रॉस आणि गॅरी रुव्कुन यांना पहिला असा तुकडा मिळाला तो एक मिलिमीटरच्या किड्यात, आणि पुढची काही वर्षं सगळे त्याला त्या किड्याचीच खोड समजत होते. 2000 साली लेट-7 नावाचा दुसरा सापडला, तो माणसातही निघाला, आणि मग सगळे जागे झाले. 2024 चं नोबेल याच दोघांना मिळालं. पत्रकावर नोबेल पदकाचं चित्र आहे ते त्यामुळे. त्या दोघांचा त्या लॅबशी काडीचा संबंध नाही.

आता फुफ्फुसाचं. ही गोष्ट आमच्या नागोयातलीच. इथल्या आयची कॅन्सर सेंटरच्या संशोधकांनी ऑपरेशन झालेल्या 143 रुग्णांच्या गाठी तपासल्या आणि 2004 मध्ये छापलं, की ज्यांच्या गाठीत लेट-7 कमी, ते ऑपरेशननंतर कमी काळ जगले. स्टेज हिशेबात धरूनही फरक उरला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतून कारण कळलं: लेट-7 ज्या चिठ्ठ्या अडवतो त्यांत रास या जीनचीही असते, आणि रास मोकाट सुटला की पेशी वाढतच राहतात. 2006 मध्ये आणखी एका गटाला दिसलं की मिर-155 नावाचा मायक्रोआरएनए जास्त आणि लेट-7 कमी असेल तर लक्षण वाईट. 2008 मध्ये तैवानच्या संशोधकांनी रुग्णाचं पुढे काय होईल याचा अंदाज देणाऱ्या पाच मायक्रोआरएनएची यादी काढली. मला हे सगळं अजूनही सुंदर वाटतं.

पण एका गटाची यादी दुसऱ्याच्या यादीशी पुरती जुळत नाही. शिवाय ही कामं गाठीच्या तुकड्यावर झाली, आणि ही लॅब मागते आहे रक्त. रक्तात भानगड अशी, की तांबड्या पेशींतच मिर-451 आणि मिर-16 ठासून भरलेले असतात. नळी जोरात हलली, रक्त काढताना पेशी फुटल्या, की आकडे बदलले. सांगलीहून कुरियरने उन्हातून गेलेल्या नळीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आणि समजा आकडा खरा आला. 143 जणांच्या आलेखावर लेट-7 कमी असलेल्यांची आणि जास्त असलेल्यांची अशा दोन रेषा वेगळ्या दिसतात, पण काकू त्यातल्या कुठल्या ठिपक्यावर, ते आलेख सांगत नाही. 'धोका जास्त' असा कागद हातात आला तर डॉक्टर त्यावरून एकही औषध बदलणार नाहीत. बदलेल ती फक्त घरातली झोप.

पैसे खर्च करायचेच असतील तर ज्याने औषध ठरतं त्यावर कर. काकूने आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही आणि गाठ ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारची आहे. अशा रुग्णांत ईजीएफआर जीनमधला बदल सापडण्याची शक्यता बरीच असते. त्यातले दोन नेहमीचे बदल असले, तर स्टेज एक-बी ते तीन-ए मध्ये ऑपरेशननंतर ओसिमर्टिनिबच्या गोळ्या देतात, त्याने कॅन्सर परत येण्याचं प्रमाण खरोखर कमी होतं. एएलके हा दुसरा जीन तपासलाय का तेही विचार. रिपोर्टमध्ये ही नावं मला दिसली नाहीत, पण तू फक्त पहिल्याच पानाचा फोटो पाठवलायस. पूर्ण फाईल पाठव.

काढलेल्या गाठीचा मेणातला ब्लॉक हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत असतो. तपासणीसाठी तोच लागतो. रीतसर अर्ज करून मिळतो. नेताना पावती घे, काम झालं की परत जमा कर, आणि काही झालं तरी ब्लॉक गाडीत उन्हात ठेवू नकोस. डॉक्टरांना सरळ विचार, 'ईजीएफआर केलंय का, नसेल तर का नाही?' त्यांना राग येणार नाही. आला तर येऊ दे.

श्वासाच्या व्यायामाचं ते तीन चेंडूंचं यंत्र आहे ना, काकू त्यात फुंकते, असं वहिनी म्हणाली. फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो. आजच सांग तिला.

काकांना साष्टांग नमस्कार. पत्रक काकूच्या हाती लागू देऊ नकोस.

तुझी,
मनू