काकांचा नंबर बंद करू नका

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई, तू दूध उतू जाईल म्हणून उठतेस आणि बाबा, तुम्ही ‘बघू सावकाश’ म्हणता. म्हणून लिहायला बसले.

काकांना जाऊन दोन महिने झाले. काल तुम्ही म्हणालात, रिचार्ज संपत आलाय, आता त्या नंबरवर कोण बोलणार, होऊ दे बंद. बाबा, तो बंद होऊ देऊ नका. ९० दिवस सिम वापरात नसलं की कंपनी ते बंद करू शकते, आणि पुढचे ९० दिवस गेले की तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. काकांचं जीमेल, विजेचं बिल, काकूच्या सिलिंडरचं बुकिंग, सगळं त्या एका नंबरला जोडलेलं आहे. रिचार्ज मी आताच केलाय. पण मृत्यूचा दाखला आणि काकूचं आधार कार्ड घेऊन कंपनीच्या दुकानात जा आणि सिम तिच्या नावावर करून घ्या.

मला खरी धास्ती आहे ती फोटोंची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या घरातली अल्बमची ट्रंक बुडाली. पानं एकमेकांना चिकटली होती. आजीचा फोटो सोडवायला गेले तर तिचा चेहरा माझ्या बोटांना लागून आला. त्याच्या आदल्या दिवाळीत काकांनी माडीवर बसून त्या अल्बमचं पानन्‌पान मोबाइलवर टिपून ठेवलं होतं. तुमच्या लग्नाचे फोटो, हरिपूरच्या हळदीच्या पेवांपाशी उभे असलेले आजोबा. आज हे सगळं फक्त काकांच्या गूगल खात्यात आहे. दोन वर्षं कुणी वापरलं नाही तर गूगल ते खातं काढून टाकू शकतं. पासवर्ड तर ते वारसांनाही देत नाहीत, आणि दाखला जोडून अर्ज केला तरी आतलं काही हाती येईलच असं नाही. काकूला फोनचा पॅटर्न माहीत आहे, एवढीच एक वाट उघडी आहे. तो फोन साफ करून कुणाला वापरायला दिला की तीही गेली.

फोटो आपण उतरवून घेऊ. मेसेज मात्र वाचायचे नाहीत. काकांनी कुणाला काय लिहिलं ते त्यांचं होतं. काकूला वाटलं तर तिनं वाचावं, आपण नाही.

फोन चालू ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. १२० दिवस जोडलं गेलं नाही तर व्हॉट्सॲपचं खातं पुसलं जातं, आणि घरच्या ग्रुपमधूनही काकांचं नाव जातं. आई, ते तुला असं अचानक दिसू नये असं मला वाटतं.

बाबा, एक गोष्ट मनाला लावून घेऊ नका. तेराव्याच्या सामानाचे पैसे तुम्ही काकांच्या फोनवरून दिलेत. तुमचा हेतू मला माहीत आहे. पण माणूस गेल्यावर त्याच्या यूपीआयवरून किंवा कार्डावरून एक रुपयाही काढायचा नसतो, अगदी पिन माहीत असला तरी. आधी बँकेला कळवायचं. काकू नॉमिनी आहे. दाखला, तिची ओळखपत्रं आणि बँकेचा दाव्याचा फॉर्म दिला की पैसे रीतसर तिच्याकडे येतील. तुम्ही दिलेल्या पैशांचं बँकेत आपणहून सांगून टाकू, मी सोबत येईन.

फेसबुकचं मी करते. काकांच्या वाढदिवसाला कुणी न कळून ‘शतायुषी व्हा’ लिहिलं तर काकू कोलमडेल. दाखला पाठवला की ते खातं स्मृतिखातं करतात, नावाजवळ ‘रिमेंबरिंग’ असं येतं आणि वाढदिवसाची आठवण लोकांना जात नाही.

आता तुमच्या दोघांचं. हे लिहिताना हात अडखळतोय, तरी लिहिते. गूगलमध्ये एक सोय आहे: खातं ३, ६, १२ किंवा १८ महिने वापरलं नाही तर काय करायचं आणि कुणाला कळवायचं, हे आपण आधीच सांगून ठेवायचं. दहा जणांपर्यंत नावं देता येतात. कुणाला काय दिसावं हेही तुम्हीच ठरवायचं. माझं नाव घाला किंवा दादाचं, मला काही वाटणार नाही. आणि आई, तुझं जीमेल बाबांच्या नंबरवर काढलेलं आहे, पासवर्डही त्यांनाच माहीत. ते तुझ्या स्वतःच्या नंबरला जोडू, तू स्वतः उघडायला शिकशील. एलआयसीच्या फाइलमध्ये एक कागद ठेवू: कुठल्या बँकेत खातं, कुठला ईमेल, फोनचा पॅटर्न. बँकेचा पिन त्यावर लिहायचा नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. तोवर काकांचा फोन चार्जिंगला लावून ठेवा, आणि कुणाच्या हातात देऊ नका.

तुमची,
सोनी