बाबा, होय, दलालीच

एडिसन, न्यू जर्सी
९ मार्च २०२५

ती. बाबांना शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर घरांच्या खरेदी-विक्रीच्या नव्या कामाचं सांगितलं, तर तुम्ही "म्हणजे दलाली?" एवढंच विचारलंत आणि फोन आईकडे दिलात. तेव्हापासून ते मनातून जात नाही. तुमच्यापुढे बोलायला मला अजून जमत नाही, म्हणून लिहिते.

तुम्हाला काय आठवलं ते मला ठाऊक आहे. आपला कोथरूडचा फ्लॅट. एजंट 'कागद अगदी क्लिअर आहेत' म्हणाला, दोन टक्के घेऊन गेला, आणि सोसायटीच्या कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर व्हावी म्हणून, तुम्ही कित्येक वर्षं चपला झिजवल्यात. माझ्या दप्तराशेजारी तुमची ती निळी फाइल कायम असायची.

इथे लायसन्ससाठी ७५ तासांचा कोर्स आणि मग परीक्षा असते. (आपल्याकडेही महारेराने, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या संस्थेने, २०२३ मध्ये एजंटांना परीक्षा सक्तीची केली, दादा सांगत होता.) लायसन्स मिळालं तरी ब्रोकरच्या, म्हणजे वरच्या परवान्याच्या मुख्य दलालाच्या, हाताखालीच काम करायचं. गिऱ्हाइकाकडून परस्पर एक डॉलरही घेता येत नाही. कमिशन ब्रोकरकडे येतं, त्यातून माझा वाटा, तोही व्यवहार पूर्ण झाल्यावर. गेल्या ऑगस्टपासून तर घर दाखवायच्या आधीच खरेदीदाराशी लेखी करार करून माझी फी किती, हे लिहून द्यावं लागतं.

जानेवारीतली गोष्ट सांगते. एका तरुण मराठी जोडप्याला एक जुनं घर फार आवडलं. इथे पूर्वी घरं गरम ठेवायला तेल जाळत, आणि त्या तेलाची लोखंडी टाकी अंगणात पुरलेली असे. पुढे गॅस आला आणि टाकी तिथेच राहिली. ती गंजून तेल मातीत मुरलं, तर साफसफाईचा खर्च आजच्या मालकाच्या गळ्यात पडतो आणि तो आवाक्याबाहेर जाऊ शकतो. विकणारे म्हणाले, टाकी कधी नव्हतीच. पण तळघराच्या भिंतीतून बाहेर जाणाऱ्या, तोंडं चेपून बंद केलेल्या दोन तांब्याच्या नळ्या मला दिसल्या, तेलाच्या टाकीला जोडतात तशा. मी जमिनीतला धातू शोधणारा डिटेक्टरवाला बोलवायला लावला. मागच्या झुडपाजवळ यंत्र वाजलं.

सौदा मोडला. माझे चार महिने आणि पहिलं कमिशन गेलं, ती मुलगी तर गाडीत बसून रडली. पण तिच्या टेबलावर तसली निळी फाइल मला यायला नको होती, बाबा.

एक गोष्ट मात्र मला जड जाते. आपल्या लोकांचा पहिला प्रश्न असतो, "तिथे आपली माणसं किती आहेत?" उत्तर मला माहीत असतं, पण द्यायला मनाई आहे. अमुक वस्ती अमक्यांची, असं सुचवून गिऱ्हाइकाला वळवणं इथे बेकायदेशीर आहे. काळ्या लोकांना कुठे घर मिळू द्यायचं नाही, हे वर्षानुवर्षं एजंटही ठरवत आले होते. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात घरांच्या व्यवहारातल्या भेदभावाविरुद्धचा हा कायदा झाला. मी लोकांना सांगते, शनिवारी सकाळी स्वतः त्या गल्लीतून चालून या, दुकानं बघा, शाळेत फोन करा. काहींना राग येतो. 'आपलीच असून सांगत नाही' म्हणतात.

दादाला पुण्यात खोली शोधताना एजंटाने आधी आडनाव विचारलं होतं, आठवतं? तुम्ही पायऱ्या उतरता उतरता केवढे चिडला होतात! कोर्समध्ये हा धडा आला तेव्हा मला तो जिनाच दिसत होता.

त्या जोडप्याला शनिवारी आणखी एक घर दाखवायचंय. तळघरात मी आधी उतरणार आहे.

गुडघ्याचं तेल रोज लावता ना? आईला नमस्कार. पुढच्या रविवारी फोन करेन, तेव्हा लगेच आईकडे देऊ नका.

तुमची,
छोटी